थोरिन नको, सॅम बघ

प्रिय,

पत्र मिळालं. टोल्किनच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीतल्या थोरिनमध्ये तुला स्वतःचा दोष दिसतो, म्हणून त्याच्यावर तू पानभर लिहिलंयस. सोन्यापायी बुद्धी फिरलेला हा ड्वार्फांचा, म्हणजे डोंगराखाली राहणाऱ्या बुटक्या लोकांचा, राजा तुला अगदी जवळचा वाटतो म्हणे. वाटू दे. पण त्याचा दोष अंगाला लावून घेताना बरंच वाटतं, कारण तो दोष भव्य आहे. डोंगराखालचा खजिना, रणांगणावरचं मरण! टोल्किनच्या एल्फांचंही, त्या अमर लोकांचंही, तेच. जग बदलूच नये हा त्यांचा हट्ट, पण त्यांची उदासी इतकी देखणी की हट्ट दिसतच नाही.

मी म्हणेन, हॉबिटांकडे बघ, त्याच्या कथांमधल्या त्या बुटक्या, घरकोंबड्या लोकांकडे. टोल्किनने 1958 साली एका पत्रात लिहिलं होतं की उंची सोडली तर मी हॉबिटच आहे. तरी त्याने त्यांचे लाड केले नाहीत. त्यांना पुस्तकं आवडतात ती आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींची. नदीपलीकडे राहणारे हॉबिटसुद्धा त्यांना विक्षिप्त वाटतात. नकोशा भेटवस्तू घरोघर फिरत राहतात, आपल्याकडे आहेराचे ब्लाउजपीस फिरतात तशा. नात्यातल्या लोबेलियाने आपले चांदीचे चमचे लांबवले, असा बिल्बो या हॉबिटाला संशय. गाव सोडताना त्याने तिच्यासाठी मुद्दाम चमच्यांचाच संच ठेवला. टोमणा तिला कळला, पण संच काही तिने सोडला नाही. (हीच बाई म्हातारपणी छत्री उगारून गुंडांच्या अंगावर गेली आणि कोठडीत पडली. मला ती फार आवडते.)

पण खरा बघायचा तो ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सॅम, फ्रोडो या हॉबिटाचा इमानी नोकर. किरिथ उंगोल या डोंगरखिंडीच्या वाटेवर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असतात. त्यांचा वाटाड्या गोलम, जादूच्या अंगठीच्या हव्यासाने बिघडलेला जीव, येतो, क्षणभर त्याच्यातला कावेबाजपणा गळून पडतो आणि तो हलकेच फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो. तेवढ्यात सॅमला जाग येते आणि तो खेकसतो. झालं, गोलम पुन्हा मिटतो. पुढे तो दोघांना शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या गुहेत नेतो. सॅम खेकसतो तो क्षण संपूर्ण कथेतला बहुधा सर्वांत शोकात्म, असं टोल्किनने पुढे एका पत्रात म्हटलंय.

सॅमने केलं काय? अर्धवट झोपेत दोन कडू शब्द बोलला, तेही मालकावरच्या मायेपोटी. नंतर त्याने माफीही मागितली. त्याची चूक एवढीच की गोलम कसला आहे हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं, म्हणून समोरचा बदल त्याला दिसला नाही. त्याचा संशय मुळात खोटाही नव्हता, आणि म्हणूनच हा दोष ओळखायला इतका अवघड. आपलं म्हणणं बरोबर असतानाच तो हळूच आत शिरतो. स्वतःत शोधायचा तर तिथे शोध, जिथे तुला आपल्या बरोबर असण्याची खात्री आहे.

तुझ्या पत्राच्या तळाशी रूममेटवर दोन ओळी आहेत. ‘हल्ली न सांगता माझाही डबा धुवून ठेवतो, पण आहे आळशीच.’ हे हल्ली म्हणजे कधीपासून? पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
काका