वाचकांचे प्रश्न : दारापलीकडच्या जगातून परतताना

प्रश्न : सातवीच्या वर्गाला मी नार्निया मालिकेतील कपाटाची कादंबरी मराठीतून सांगत वाचून दाखवली. कपाटातून दुसऱ्या जगात जाणे मुलांनी विनातक्रार स्वीकारले. परंतु तिकडे राज्य करीत मोठी झालेली चार भावंडे शेवटी पुन्हा लहान होऊन त्याच दिवशी, त्याच घटकेला परततात, हे त्यांना मुळीच पटले नाही. ‘मग मागे राज्य कोणी सांभाळले?’ असे एका मुलीने विचारले. तिला काय सांगावे?
— एक शिक्षक, वरूड तालुका, जि. अमरावती

उत्तर : तिला पुढचे पुस्तक द्यावे, कारण हा प्रश्न मालिकेचे लेखक सी. एस. लुईस यांनाही टाळता आलेला नाही. कपाटाची कादंबरी १९५० सालची. १९५१ च्या ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये ही भावंडे पुन्हा तिकडे जातात, तेव्हा इकडे एक वर्ष लोटलेले असते आणि तिकडे १३०० वर्षे. राजवाडा ढासळलेला असतो, राज्य परक्यांच्या हाती गेलेले असते आणि त्यांच्याच कारकिर्दीत वेशीबाहेर लावलेली सफरचंदांची बाग वाढत वाढत भिंतींना भिडलेली असते. राखणीवाचून राहिलेली संत्र्याची बाग ज्यांनी पाहिली आहे, त्या वरूडच्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

अशा कादंबऱ्यांवर वाचक रुसतात ते बहुधा परतीच्या वाटेवरच. दार कपाटात का, हे फारसे कोणी विचारत नाही. तिकडे जगलेले आयुष्य हिशेबातून पुसले गेले की मात्र फसवणूक झाल्यासारखे वाटते. योगवासिष्ठातील लवण राजाची कथाही वर्गात सांगून पाहावी. जादूगार मोरपिसांचा कुंचला फिरवतो, राजा थोडा वेळ दरबारात निश्चल बसतो आणि तेवढ्यात चांडाळांच्या वस्तीत ६० वर्षांचा संसार व दुष्काळ भोगून येतो. पुढे तो विंध्याकडे निघतो, तेव्हा ती वस्ती आणि शोक करणारी सासू त्याला खरोखरच भेटते. भोगलेले पुसून टाकण्याची मुभा ही कथा देत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ती अधिक प्रामाणिक आहे.

प्रश्न : थोरल्या बहिणीला, सुझनला, शेवटच्या भागात का वगळले, या रागाने माझ्या दहावीतल्या मुलीने सगळी मालिकाच बाजूला ठेवली. तिची समजूत कशी काढावी?
— एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : काढू नये. १९५६ च्या ‘द लास्ट बॅटल’मध्ये सुझनला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि मेजवान्यांची आमंत्रणे एवढ्यातच रस उरला आहे, असे इतर पात्रे सांगतात, तिला स्वतः बोलायला एक वाक्यही मिळत नाही. रेल्वे अपघातात भावंडे आणि आईवडील गेल्यावर ती एकटी मागे उरते, याची दखलही पुस्तक घेत नाही. तिला सुधारायला अजून वेळ आहे, असे लुईस यांनी पुढे १९५७ मध्ये एका मुलाला पत्राने कळवले होते, पण पत्रातली सवलत कादंबरीला लागू होत नाही. नील गेमन यांनी २००४ मध्ये याच तक्रारीवर एक कथा लिहिली. ती मात्र प्रौढांसाठी आहे.

प्रश्न : असली पुस्तके पोरखेळ आहेत, असे मित्र म्हणतात. मोठ्यांसाठी काही आहे काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : स्टीफन डोनाल्डसन यांची १९७७ मधील ‘लॉर्ड फाउल्स बेन’ वाचावी. तिचा नायक कुष्ठरोगी आहे. दुसऱ्या जगात त्याच्या बधिर बोटांना संवेदना परत येते, आणि नेमके त्यामुळेच तो त्या जगावर विश्वास ठेवायला नकार देतो. बधिर हातापायांना झालेली जखम कळत नाही, म्हणून अंग रोज डोळ्यांनी तपासत राहावे लागते. बरे झाल्याच्या भ्रमात ती सवय सुटली तर आपला नाश होईल, हे त्याला ठाऊक असते. आनंदवनाच्या शेजारी राहणाऱ्याला ही भीती पोरखेळ वाटणार नाही. एक सूचना आधीच देतो : सुरुवातीच्या भागातच नायक एका मुलीवर बलात्कार करतो आणि अनेक वाचक तेथेच पुस्तक मिटतात. आपणही मिटलेत, तर मित्रांपुढे त्याचे समर्थन करीत बसण्याची गरज नाही.