पोरं लॉन सोडून जिन्यातच का बसतात? आणि कॅम्पसबद्दलचे तुमचे आणखी प्रश्न

मागच्या वेळी घरातल्या उजेड-वाऱ्यावर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांमध्ये कॉलेज आणि हॉस्टेलच्या इमारतींबद्दल विचारणारीच पत्रं जास्त निघाली, आणि तीही बहुतेक ठाणे-नवी मुंबईतली. त्यातली चार घेतलीयत. कॉलेजांची आणि लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम काढून टाकलीयत, कोणाला त्रास नको.

प्रश्न : मॅडम, आमच्या कॉलेजची घोडबंदर रोडला नवी इमारत झालीये. समोर मोठं लॉन आहे, कडेने ग्रॅनाइटचे बाक आहेत. तरी मुलं मधल्या जिन्यातच बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट राहत नाही. जिन्यात बसलं तर आयकार्ड जमा करायचं अशी नोटीस मॅनेजमेंटने काढलीये आणि मी शिस्त समितीवर आहे. मुलांना लॉनकडे कसं वळवायचं? – एक प्राध्यापक, ठाणे

सर, शिस्तीचा विचार जरा बाजूला ठेवा आणि एका दुपारी बारा-साडेबाराला स्वतः त्या लॉनवरच्या बाकावर जाऊन बसा. ऑक्टोबरच्या उन्हात ग्रॅनाइट इतका तापलेला असतो की टेकवत नाही, जून ते सप्टेंबर लॉनमध्ये चिखल आणि डास, मग उरलं काय तर थंडीतल्या काही सकाळी. आपल्याकडच्या हवेत उघडं लॉन हे फोटोत छान दिसतं, वर्षातले बरेच महिने तिथे कोणी बसूच शकत नाही, आणि त्यात बहुतेक ठिकाणी गवतावर पाय ठेवला की वॉचमन शिट्टी मारतो.

आता जिना बघा. सावली आहे, वारा आहे, पाऊस लागत नाही, कॉलेजातला प्रत्येक जण दिवसातून कधीतरी तिथून जातोच त्यामुळे हवा तो मित्र आपोआप भेटतो, आणि मुख्य म्हणजे पायऱ्या वर-खाली असल्यामुळे आठ-दहा जणांचा घोळका एकमेकांची तोंडं बघत गप्पा मारू शकतो. सरळ रेषेतल्या बाकावर तीन जण बसतात आणि चौथा समोर उभा राहतो, त्याचे पाय दुखले की सगळेच उठून जिन्याकडे येतात. मुलांनी तुमच्या इमारतीतली सगळ्यात चांगली जागा बरोबर शोधून काढलीये, त्यासाठी त्यांची आयकार्डं जमा करणं मला खरंच पटत नाही.

विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या ऑफिसांसमोरच्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कुठे बसतात, कुठे थांबतात हे अगदी बारकाईने पाहिलं होतं. त्याला दिसलं की जिथे बसायला जागा आहे तिथे लोक बसतात (ऐकायला साधं वाटतं पण निम्मे आर्किटेक्ट हेच विसरतात), एक फुटापासून तीन फुटांपर्यंत उंचीचं काहीही चालतं, कठडा, पायरी, कुंडीची कड. दुसरं म्हणजे, गप्पा मारायला लोक गर्दीतून बाजूला जात नाहीत, वाटेच्या मधोमधच उभे राहतात. आपल्या ठाण्यातल्या तलावपाळीवर कुठल्याही संध्याकाळी हेच दिसतं, लोक कठड्यावर अशा जागी टेकतात जिथून जाणारी-येणारी माणसं दिसतील.

तुमच्या मॅनेजमेंटची एक काळजी मात्र खरी आहे. आग लागली, पळापळ झाली तर जिना मोकळा पाहिजेच, त्यात तडजोड नको. म्हणून जिन्यापासून दहा-पंधरा पावलांवर, तळमजल्याच्या पोर्चमध्ये किंवा स्टिल्टमध्ये (इमारतीखाली खांबांमधली मोकळी जागा), जिथून गेट आणि जिना दोन्ही दिसतात अशा ठिकाणी कट्टा बांधा. दीड फूट उंच, दोन-अडीच फूट रुंद म्हणजे मांडी घालून बसता येईल आणि डबा मध्ये ठेवता येईल, आणि सरळ न बांधता एल किंवा यू आकारात. वर पॉलिश केलेला दगड लावू नका, पावसाळ्यात घसरतो, कोटा किंवा शहाबादी लावा. खांबांच्या भोवतीही कट्टे करता येतात, खर्च फार येत नाही. लॉनच्या कडेला करंज किंवा रेन ट्री लावा, दहा वर्षांनी त्या झाडाखालीही पोरं बसतील, आज नाही.

बांधायच्या आधी एक काम करा, मुलांनाच सांगा. तळमजल्याच्या प्लॅनची झेरॉक्स घ्यायची आणि आठवडाभर सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि चारनंतर कोण कुठे बसलंय, कोण कुठून शॉर्टकट मारतंय याच्या खुणा करायच्या. शिकागोमध्ये आयआयटी म्हणूनच एक संस्था आहे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, तिथे २००३ मध्ये नवीन कॅम्पस सेंटर झालं तेव्हा आर्किटेक्ट रेम कूलहासने त्या रिकाम्या जागेतून पोरांनी चालून चालून पाडलेल्या तिरक्या वाटा आधी बघितल्या आणि त्याच वाटा इमारतीच्या आतले रस्ते म्हणून ठेवल्या. तुमच्या लॉनमधून कँटीनकडे जाणारी मातीची पायवाट पडली असेल तर तिथे काटेरी कुंपण लावू नका, पेव्हर ब्लॉक टाका.

प्रश्न : आमच्या ज्युनिअर कॉलेजात मुलं तासाला बाहेर बघत बसतात म्हणून सगळ्या खिडक्यांना दुधी फिल्म लावलीये. मला शिकवताना कोंडल्यासारखं होतं. हे फक्त मलाच होतंय का? – एक शिक्षिका, ऐरोली

तुम्हालाच नाही, मुलांनाही होत असणार, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं. रॉजर अलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलचे जुने रेकॉर्ड तपासून दाखवलं की पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या पेशंटना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र पेनकिलरही कमी लागल्या. ते पेशंट होते, तुमच्यासमोर अकरावीची पोरं आहेत, हे मान्य, पण सकाळपासून फळा-वही-फळा करून डोळे थकतात आणि त्यांना मध्येच लांबवर बघायला लागतं, खिडकी बंद केली की तेच पोर बाकाखाली मोबाईल बघतं. प्रिन्सिपलना सांगून एका वर्गाची फिल्म महिनाभर काढून बघा. फारच रहदारीचा रस्ता असेल तर खालच्या अर्ध्या काचेला राहू द्या, वरून आभाळ आणि झाडांचे शेंडे दिसले तरी पुरतं. पश्चिमेच्या खिडक्यांना मात्र काहीतरी हवंच, दुपारनंतर ऊन थेट बाकांवर येतं, तिथे बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा जाळी लावली तर सगळ्यात उत्तम, कारण उतरतं ऊन नुसत्या छज्जाखालून आत येतं.

प्रश्न : ताई, मी लातूरहून शिकायला आलेय. आमच्या हॉस्टेलला एका मजल्यावर एकच लांबच लांब कॉरिडॉर आहे, दोन्ही बाजूंना रूम, टोकाला बाथरूम. इतक्या मुली आहेत पण माझी कोणाशीच ओळख झाली नाही. आल्या आल्या दार लावून बसते. आई म्हणते तू माणूसघाणी झालीस. माझ्यातच काही बिघडलंय का? – एक विद्यार्थिनी, खारघर

नाही गं, आणि आईलाही हे उत्तर वाचून दाखव.

अगदी तुझ्यासारखीच तक्रार अमेरिकेत स्टोनी ब्रूक युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमधल्या मुलांची होती आणि त्यावर अँड्र्यू बाऊम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात बराच अभ्यास केला. काही मुलं लांब कॉरिडॉरवर राहत होती, तीसेक जणांत एक बाथरूम, आणि काही मुलं छोट्या सूटमध्ये, चार ते सहा जणांत एक हॉल आणि एक बाथरूम. प्रत्येकाला मिळणारी जागा जवळपास सारखीच होती, म्हणजे रूम लहान म्हणून त्रास असा प्रश्नच नव्हता. तरी कॉरिडॉरवाल्या मुलांना सतत गर्दी वाटायची, ती लोकांना टाळायची, आणि हॉस्टेलच्या बाहेर कुठे अनोळखी माणसाबरोबर थांबायची वेळ आली तरी लांबच बसायची. कारण असं की दार उघडलं की कोण समोर येईल हे आपल्या हातात नसतं, दात घासायला जातानाही दहा चेहऱ्यांना हसावं लागतं, मग माणूस हळूहळू मान खाली घालून चालायला शिकतो आणि दार लावून घेतो. तुझं दार त्याचमुळे बंद आहे. लातूरला तुमच्या गल्लीत तू माणसांना टाळत होतीस का? मला नाही वाटत.

याच्या उलटही होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री झाली हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलं आणि १९५० मध्ये छापलं, तर स्वभाव, आवडीनिवडी हे सगळं मागे पडलं आणि शेजारचं दार, जिन्याचं तोंड, टपालपेट्या पुढे आल्या. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त मित्र होते, कारण वरचे लोक रोज त्यांच्या दारावरून जायचे, बास.

तुझ्या हॉस्टेलपासून फार लांब नाही, बेलापूरला सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे, एखाद्या रविवारी जाऊन ये. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली ही घरांची वसाहत. त्यात सात-सात घरं एका लहान अंगणाभोवती, साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, आणि असे तीन गट मिळून एकवीस घरांचं एक मोठं अंगण. सात घरांतली माणसं पटकन ओळखीची होतात, कोणाचं पोर कोणतं ते कळतं. बरीच घरं लोकांनी पाडून वर मजले चढवलेत, तरी काही अंगणं अजून चालती आहेत. तुमच्या कॉरिडॉरला हाच सातचा हिशोब कोणी लावलाच नाही.

आता करायचं काय. वॉर्डन मॅडमना सगळ्या मुलींनी मिळून एक अर्ज द्या की कॉरिडॉरच्या मधल्या एक-दोन रूम कॉमन रूम करा आणि तिथे मध्ये दार लावा म्हणजे एका मजल्याचे दोन छोटे भाग होतील. हे माझं काल्पनिक सुचवणं नाही, बाऊमने पुढे ग्लेन डेव्हिसबरोबर नेमकं हेच करून बघितलं, लांब कॉरिडॉरच्या मधल्या खोल्या काढून लाउंज केला, १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि तिथल्या मुलींना गर्दीचा त्रास कमी झाला, ओळखी वाढल्या. दोन बेड जातील म्हणून मॅनेजमेंट कुरकुरेल, तेव्हा हा अभ्यास दाखवा. अर्ज मंजूर होईपर्यंत संध्याकाळचा एखादा तास दार अर्धं उघडं ठेव, आणि चहा घेऊन रूममध्ये परत जायच्या ऐवजी वॉटर कूलरजवळ किंवा जिन्याच्या लँडिंगवर पी. रोज एकाच वेळी. तेच तेच तीन-चार चेहरे दिसायला लागतील आणि त्यातलीच एखादी मैत्रीण होईल. पण झोप उडालीये, जेवण जात नाहीये असं काही असेल तर इमारतीची वाट बघू नकोस, कॉलेजच्या काउन्सिलरकडे लगेच जा.

प्रश्न : माझा मुलगा व्हीलचेअर वापरतो. कॉलेजला रॅम्प आहे पण मागच्या बाजूला, कँटीनच्या भांडी घासायच्या जागेवरून. मित्र पुढच्या पायऱ्यांनी जातात आणि हा एकटा मागून. कॉलेजचं म्हणणं, रॅम्प दिलाय ना, मग तक्रार कसली. मला नीट मांडता येत नाहीये. – एक वडील, वाशी

तुमच्या पत्रातच तुम्ही ते अगदी नीट मांडलंय. गेटपासून वर्गापर्यंत चालताना कोणी काल काय झालं ते सांगतं, सबमिशनची तारीख कळते, दुपारचं कुठे जायचं ते ठरतं, आणि हे रोज तुमच्या मुलाच्या हातून सुटतंय. तो वर्गात पोचतो पण मित्रांमध्ये पोचत नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं आणि रागही आला.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खासगी इमारतीही येतात, आणि शिक्षणासाठी वापरली जाणारी इमारत तर त्यात स्पष्ट लिहिलीये. जुन्या इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा करायला नियम आल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षांची मुदत होती, नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली.

रॅम्प आहे तो सुद्धा मोजून बघा. उतार १ः१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे जोतं तीन फूट असेल तर रॅम्प छत्तीस फूट लांब लागतो, शिवाय वळणावर आणि वर-खाली सपाट जागा, दोन्ही बाजूंना रेलिंग. बहुतेक ठिकाणी पंधरा फुटांत उरकलेला असतो आणि मागून कोणीतरी ढकलल्याशिवाय चढता येत नाही. कँटीनजवळचा असेल तर ओला आणि तेलकट पण असणार, त्याचे फोटो काढा, पावसात तर नक्की काढा.

पुढच्या बाजूला छत्तीस फूट जागा नाही असं सांगतील. तर पोर्चच्या कडेने दोन वळणं घेऊन बसतो, आणि चांगला केला तर पाठीला जड सॅक असलेली पोरं, गुडघे दुखणारे प्राध्यापक, पाण्याचे जार आणणारा माणूस, सगळे त्याच रॅम्पने जायला लागतात. त्याची कड थोडी रुंद केली तर बसायला कट्टाही होतो.

अर्ज प्रिन्सिपलच्या नावाने लेखी द्या, पोच घ्या, त्यात ‘मुख्य प्रवेशद्वारातून, सर्वांबरोबर’ हे शब्द टाका, मोजमापं आणि फोटो जोडा. मुलाच्या मित्रांच्या सह्या घ्या, त्या आईवडिलांच्या सहीपेक्षा जास्त बोलतात. उत्तर आलं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्जाचा मसुदा मला पाठवलात तर वाचून दुरुस्त्या सांगेन, आणि प्लॅनचा फोटो असेल तर पुढचा रॅम्प कुठून बसेल त्याचं स्केचही काढून देईन.