टीएसएच नॉर्मल, तक्रारी तशाच

प्रश्न : वय 43, वजन 66 किलो. सहा वर्षांपासून हायपोथायरॉइड (थायरॉइड ग्रंथी कमी काम करते) आहे. यंदा थायरॉइडची गोळी 75 मायक्रोग्रॅमवरून 100 केली. महिन्यातच टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; औषध जास्त झालं की उतरतं, कमी पडलं की चढतं) 0.3 आला म्हणून पुन्हा 75. पुढच्या महिन्यात 7 आला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी 88 दिली. आता 3.8 आहे. थकवा, केसगळती, बद्धकोष्ठ तसंच. सांगायला गेलं की, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, वजन कमी करा.’ गोळी सहाला घेते, लगेच चहा. नाश्त्यानंतर कॅल्शियम आणि लोहाची गोळी, शिवाय केसांसाठी बायोटिन. डॉक्टर बदलू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा वैताग रास्त आहे. तुम्ही आणखी काय काय घेता, हे डॉक्टरांनी विचारायलाच हवं होतं.

आधी बायोटिन. काही लॅबच्या यंत्रांवर त्याने टीएसएच खोटाच कमी दिसतो. 0.3 तसाच आला असेल, तर डोस विनाकारण उतरवला गेला. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

दुसरं, घाई. थायरॉक्सिनचं, म्हणजे तुमच्या गोळीतल्या औषधाचं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवा डोस स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. महिन्याने तपासणं म्हणजे भाताला उकळी फुटण्याआधीच शीत चेपून पाहणं. डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवडे थांबा.

गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने. कॅल्शियम आणि लोह किमान चार तासांनी, म्हणजे तुमच्या बाबतीत दुपारच्या जेवणानंतर. पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर तीही सांगा. मात्र वेळा सुधारल्या की औषध जास्त शोषलं जातं आणि आहे तोच डोस जड होऊ शकतो. म्हणून बदल डॉक्टरांच्या कानावर घाला. धडधड, हातांना कंप, झोप उडणं असं काही झालं तर सहा आठवडे वाट पाहू नका. डोस मनाने बदलू नका.

लोहाची गोळी चालू आहे म्हणजे लोह कमी असू शकतं. केस त्यानेही गळतात, थकवाही येतो; आणि बद्धकोष्ठ तर त्या गोळीनेही होऊ शकतं! हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12 तपासून घ्यावं का, ते विचारा.

‘बरं वाटत नाही’ एवढ्यावर केबिनमध्ये फारसं काही हलत नाही. एका कागदावर तारीख, डोस, टीएसएच, लॅब असे चार रकाने करून न्या. मग विचारा : माझा टीएसएच कितीवर ठेवायचा? पुढची तपासणी कधी? थकवा थायरॉइडचा नसेल तर कशाचा? याही प्रश्नांना ‘नॉर्मल आहे’ हेच उत्तर आलं, तर खुशाल डॉक्टर बदला, शक्यतो एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे) जा. तो कागद मात्र न्या, नाहीतर तिथेही त्या दिवशीच्या एका आकड्यावर डोस ठरेल.