लहानपणीचा झेडएक्स स्पेक्ट्रम (ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) माळ्यावरून काढला आहे, थेट प्लग लावू का?

नका लावू. आधी अ‍ॅडॉप्टर तपासा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण पिनेच्या आतल्या बाजूला ऋण आणि बाहेर धन. हल्लीचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे असतात, त्यामुळे 'बसतोय ना, मग चालेल' हा हिशेब इथे महागात पडतो. मल्टिमीटर लावून खात्री करा. बिनलोडचा, म्हणजे मशीनला न जोडलेला, जुना अ‍ॅडॉप्टर ९ पेक्षा बराच जास्त दाखवेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरं म्हणजे बोर्डावरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्रव असलेले छोटे डबे). इतक्या वर्षांत ते सुकलेले असतात. सगळे एकदम बदलून टाका, खर्च किरकोळ आहे. ४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) मॉडेलमधल्या खालच्या, म्हणजे पहिल्या, १६के रॅमच्या चिपांना +१२, +५ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. यातला −५ गेला की चिपा पटापट मरतात. म्हणून मशीन सुरू करून स्क्रीनवर नुसते पट्टे आले, '१९८२ सिंक्लेअर रिसर्च' ही ओळ आलीच नाही, तर लगेच बंद करा आणि व्होल्टेज मोजा.

कीबोर्डच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठिसूळ होऊन तडकतात. त्या चिकटवत बसू नका, नवीन मेम्ब्रेन (कळांखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा, या पट्ट्यांसकट) विकत मिळतो.

नवा टीव्ही आरएफ (अँटेनाच्या सॉकेटमधून येणारा) सिग्नल घेत नसेल तर तो सिग्नल बनवणाऱ्या मॉड्युलेटरला वळसा घालून कॉम्पोझिट व्हिडिओ (टीव्हीच्या एव्ही सॉकेटला चालणारा) काढता येतो, काम दोन तारांचं आहे. आणि ज्यांवरून प्रोग्रॅम लोड व्हायचे त्या कॅसेट घासून गेल्या असतील तर त्याच प्रोग्रॅमची ऑडिओ फाइल मोबाइलवरून 'इअर' सॉकेटमध्ये द्या, आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून.