संध्याकाळी सहाचा बॉक्स

पोरी,

तुझं पार्सल काल दुपारी मिळालं. डिलिव्हरीवाला पोरगा गेटवरूनच ओरडला, मावशी तेल गळतंय बघा, आणि बॉक्स दोन बोटांत धरून दिला, शर्टाला लागू नये म्हणून. सहापैकी एकही बरणी फुटलेली नव्हती. बबल रॅप तीनदा गुंडाळलाय म्हणत होतीस ते खरंच होतं, कापता कापता माझी कात्री दमली. पण चार बरण्यांची झाकणं अर्धा आटा सैल, आणि बॉक्सच्या बुडाला तांबूस तेलाचा गोल डाग, बांगडीएवढा. तुझी विकायची शेंगदाण्याची चटणी मात्र झकास झालीय, लसूण बरोबर पडलाय, त्यावर मी काही बोलायची नाही.

तू विचारलंस बॉक्स पाच प्लायचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या पाच थरांचा, घेऊ का सातचा. अगं, घेशील की कुठला पण, पण तुझा माल बॉक्समुळं वाया गेलेला नाही, तो झाकणातून गेलाय. तेव्हा खर्च करायच्या आधी एक मार्कर घे, परमनंटवाला. बरणी बंद केली की झाकणावरून खाली काचेवर येईल अशी एक उभी रेघ मारायची. मग ती बरणी कुठं फिरवायची तिथं फिरवून आण आणि रेघ बघ. झाकणावरची रेघ आणि काचेवरची रेघ एकमेकींपासून दोन मिलिमीटर जरी सरकलेल्या दिसल्या तरी झाकण वाटेत फिरलं, गळलं असो नसो. आणि फिरतं का, तर तू चमच्यानं चटणी भरतेस, काठाला तेल लागतं, ते पुसत नाहीस, तेल लागलेले आटे म्हणजे वंगण घातल्यासारखेच झाले की. कोरड्या फडक्यानं काठ पुसायचा, आतून आणि बाहेरून, मगच झाकण. प्लास्टिकचं झाकण तर आवळल्यावर रात्रभरात थोडं ढिलं पडतंच, म्हणून लॅबमध्ये पण चोवीस तास थांबून मग उघडायला किती जोर लागतो ते मोजतात. पुढंमागं प्लास्टिक बरणी घेतलीस तर तोंडावर इंडक्शन सील, म्हणजे गरम होऊन काठाला चिकटणारी फॉइलची चकती, मारून घे, हातात धरायची मशीन मिळते, पण तिथं पण काठावर तेल असलं की सील धरत नाही, फिरून परत फडकंच.

आता फिरवायची कुठं ते सांगते. पॅकिंग प्रवासात टिकतं का बघायला मोठ्या कंपन्या इस्टा नावाचं टेस्टिंग करून घेतात, त्यातली सगळ्यात साधी टेस्ट म्हणजे १ए. बॉक्स एका थरथरणाऱ्या टेबलावर ठेवतात आणि स्पीड वाढवत नेतात, कुठवर, तर बॉक्स उडायला लागून त्याच्याखालून दीड मिलिमीटरची पातळ पट्टी सरकवता येईल तिथवर. मग त्या स्पीडला १४,२०० ठोके, साधारण तासभर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं एवढा छळ कशाला, पण खरंच ट्रकमध्ये अख्खी रात्र तेच चाललेलं असतं गं, फक्त तिथं बघायला कुणी नसतं. तुझ्याकडं टेबल नाही, एसटी आहे. भरलेला बॉक्स घेऊन अक्कलकोटला जा, स्वामींचं दर्शन घे, परत ये. बॉक्स मांडीवर धरायचा नाही, मागच्या सीटखाली पत्र्यावर ठेवायचा. नाहीतर स्कूटीच्या डिकीत चार दिवस राहू दे. ह्याला लॅबचा रिपोर्ट कुणी म्हणणार नाही, मला माहितीय, पण तुझी रेघ सरकली का नाही तेवढं कळायला बास आहे.

त्याच्यानंतर पाडायचं. क्रम उलटा करायचा नाही, आधी हलवायचं मग पाडायचं, कारण खऱ्या प्रवासात पण बॉक्स आधी हलून हलून मऊ होतो आणि मग कुणीतरी टाकतो. साडेनऊ किलोच्या आतल्या बॉक्सला त्या टेस्टमध्ये उंची आहे ७६ सेंटिमीटर, म्हणजे आपलं जेवायचं टेबल. दहा वेळा पाडतात. एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांवर, मग सहाच्या सहा बाजूंवर. कोपरा घ्यायचा तो खालचा, जिथं बॉक्सचा जोड येतो, डिंक लावलेली नाहीतर पिना मारलेली पट्टी. चांगला कोपरा निवडून पास होण्यात काही मजा नाही. आणि पाडायचा तो तुमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर, सतरंजीवर नाही, तुझ्या आईला आवाजाचं आधी सांगून ठेव.

एवढं सगळं करशील आणि तरी फसशील, ते कसं ते ऐक, कारण मी स्वतः फसलेय.

तुला माहितीय, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका युनिटमध्ये वीसेक वर्षं क्यूसीच्या, म्हणजे माल तपासायच्या, टेबलावर होते. नाव घेत नाही, काय करायचंय. एका पावसाळ्यात एक्स्पोर्टची ऑर्डर होती, मरून टॉवेल, गडद रंग. मी सगळं केलं होतं. पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखून धुवून आटतं किती ते बघितलं, पांढरं कापड दहा वेळा कोरडं आणि दहा वेळा ओलं घासून रंग सुटतो का बघितलं, सँपल पॉलिबॅगमध्ये घालून कार्टन भरून पाडून बघितलं, सगळं ओके. ते सँपल कार्टन मी स्वतः सकाळी दहा वाजता भरलं होतं, डोकं शांत, हात धुतलेले, टॉवेल आदल्या दिवशीचे, गार झालेले. लॉट भरला संध्याकाळी. ड्रायरमधून गरम टॉवेल निघतायत, खाली गाडी उभी आहे, हेल्पर बायकांना सातची बस गाठायचीय, गरम टॉवेल तसाच पिशवीत आणि पिशवी सील. हाताला कोरडा लागतो गं गरम टॉवेल, फसवतो, आत ओल असते. समुद्रावर कंटेनर दिवसा तापतो रात्री गार होतो, आतली वाफ पाणी होऊन बसते. उघडलं तेव्हा काळे ठिपके आणि कुबट वास. गिऱ्हाईकानं भरपाई मागितली, क्लेम बसला, आणि माझा टेस्टचा कागद पास म्हणून फाईलला लावलेलाच होता. मालक मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून मी सँपल कधी स्वतः भरलं नाही. संध्याकाळी सहाला जायचं, थप्पीतला मधलाच एखादा कार्टन ओढायचा, आणि तो टेस्टला. बायका चिडायच्या, मावशी आमच्यावर विश्वास नाही का. विश्वास होता, मला त्यांच्या दमलेल्या हातांचं काम बघायचं होतं. तुझ्याकडं ती शेजारची मुलगी पॅकिंगला येते ना, तिनं दिवसाचा शेवटचा भरलेला बॉक्स घे आणि तो अक्कलकोटला ने. तिला आधी सांगू नकोस. आणि झाकण सैल निघालं तर तिला बोलू पण नकोस, तिला फडकं जवळ आहे का, टेबल बुटकं आहे का, सहा वाजता तिथं उजेड पुरतो का ते बघ.

बॉक्सचं पण सांगते, विचारलंयस तर. तुझा तीन किलोचा बॉक्स, पाच प्लाय पुरे. पण थप्पी विचारात घे. सहा बॉक्स एकावर एक असले तर सगळ्यात खालच्यावर पाचांचं वजन, पंधरा किलो, आणि बॉक्सची ताकद त्याच्या तीन ते पाचपट तरी धरतात, कारण पुठ्ठा आज जेवढं उचलतो तेवढं महिनाभर उचलत नाही. ओल लागली तर विचारूच नको, दमट पावसाळी हवेत पुठ्ठ्याची अर्ध्याच्या आसपास ताकद जाते. एक रात्र बॉक्स बाथरूममध्ये ठेव, बादलीभर कढत पाणी बाजूला, दार लावून, आणि सकाळी त्याच्यावर पंधराच्या पाचपट म्हणजे पंचाहत्तर किलो चढव, ज्वारीचं पन्नासचं एक पोतं आणि पंचवीसचा तांदूळ. बॉक्स पोटातून फुगला की समज. आणि थप्पी लावताना विटांसारखी आडवीउभी लावू नका, कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे, बॉक्सचा सगळा जोर त्याच्या चार कोपऱ्यांत असतो. विटांसारखं लावलं की थप्पी हलत नाही हे खरं, पण खालचा बॉक्स मरतो.

उन्हाचं मात्र आत्ताच उरकून घे, एप्रिल आहे, ४२ अंश फुकट मिळतायत, पुण्याच्या लॅबला त्याचे पैसे पडतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्स तीन दिवस ठेव. तेल पातळ होऊन वर येतं, टेपचा डिंक सरकतो, विशेषतः धूळ असलेल्या स्वस्त पुठ्ठ्यावर. बरण्यांपैकी दोन उलट्या ठेव, खाली पेपर. बॉक्सवर वर कुठलं खाली कुठलं असा बाण काढलायस तो कुणी बघत नाही, तुझी बरणी अर्धा प्रवास डोक्यावर उभी राहून करणार आहे असंच धर.

पाऊच सुरू करायचं म्हणतेस, त्यात एकच सांगते, शेंगदाण्याचा कण सीलमध्ये अडकला की संपलं. बादलीत बुडवून दाबायचं आणि बुडबुडे बघायचे. लेहला त्या जवानाची ऑर्डर आलीय म्हणालीस ना, तिथं उंची साडेतीन हजार मीटर, पाऊच उशीसारखा फुगणार, म्हणून हवा काढून सील मार.

आणि गिऱ्हाईकाच्या घरी काय होतं ते कुणी टेस्टच करत नाही. तुझी बरणी पोचली म्हणजे काम झालं नाही, ती महिनाभर रोज दोनदा उघडणार, भाकरीच्या हातानं. तेलकट बोटानं तुझं लेबल चोळून बघ, मी बघितलं, बॅच नंबर आणि तारीख पुसली गेली, आणि खाण्याच्या मालावर तारीख वाचता आली नाही म्हणजे तो काय नुसता डिझाईनचा प्रश्न नाही. शाई बदल नाहीतर शिक्का झाकणावर मार. झाकण साठ वेळा उघडून लाव, टीव्ही बघत बघत होतं. एक बरणी खिडकीत उन्हात आणि एक कपाटात ठेव, दर रविवारी दोन्हींचा वास घे आणि वहीत लिही, उजेड आणि हवा लागली की शेंगदाण्याचं तेल खवट होतं, किती दिवसांत ते तुझ्या चटणीचं तुलाच कळलं पाहिजे, दुसऱ्याच्या पाकिटावर चार महिने लिहिलंय म्हणून आपण चार लिहायचं नाही.

लॅब आत्ता नको. मोठ्या दुकानवाल्यानं किंवा बाहेरदेशी पाठवताना कुणी रिपोर्ट मागितला तर मुंबईला अंधेरीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, १९६६ पासूनची संस्था, तिथं सगळ्या टेस्ट होतात. पण तिथं जाताना घरी फोडून झालेला बॉक्स घेऊन जा, पैसे देऊन पहिल्यांदा फोडू नकोस.

तुझ्या सहा बरण्यांपैकी एक आम्ही कालच भाकरीबरोबर उघडली, बाकीच्या पाचांचे काठ मी पुसून, झाकणं आवळून, रेघा मारून ठेवल्यात. रविवारी ह्यांना तुळजापूरला जायचंय, एसटीनंच, पाचही बरण्या सीटखाली ठेवायला सांगितल्यात. सोमवारी रेघांचे फोटो पाठवते.

मावशी