लुई आरागाँ नेमके कोण, कवी की कम्युनिस्ट कार्यकर्ते?

दोन्ही. आणि दोन्हींची ओढाताण आयुष्यभर चालली.

जन्म 1897, पॅरिस. वडील लुई आंद्रिय हे पोलीस खात्याचे माजी प्रमुख. पण हे मूल विवाहबाह्य, म्हणून घरात आईलाच ‘बहीण’ म्हणायचं. खरं काय ते पहिल्या महायुद्धात आघाडीवर निघताना कळलं! (पुढे कादंबरीकार झाले यात नवल नाही.) डॉक्टरकी शिकताना कवी आंद्रे ब्रेताँ भेटले आणि त्यातून अतिवास्तववादाची (स्वप्नं आणि अबोध मन यांना कलेत वाव देणारी) चळवळ उभी राहिली. 1927 साली कम्युनिस्ट पक्षात गेले ते शेवटपर्यंत. 1928 मध्ये रशियन वंशाच्या लेखिका एल्सा त्रिओले भेटल्या; आरागाँच्या पुष्कळ कविता तिच्यावरच आहेत.

कवी म्हणून खरा कस लागला तो जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये. तेव्हा त्यांनी यमक-छंदातल्या कविता लिहिल्या, प्रेमकवितेच्या आडून देशाबद्दल बोलणाऱ्या.

पक्षनिष्ठेची गंमत बघा. 1953 मध्ये स्टालिन वारले. आरागाँनी आपल्या साप्ताहिकात पिकासोनं काढलेलं स्टालिनचं चित्र छापलं. ते पुरेसं भव्य नाही म्हणून पक्षानं जाहीर कानउघाडणी केली आणि वाचकांची संतप्त पत्रं त्यांनाच छापावी लागली. स्टालिनची तळी इतकी वर्षं उचलली हे मला तरी खटकतंच. मात्र 1968 साली चेकोस्लोव्हाकियातल्या सुधारणा चिरडायला रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा त्यांनी उघड निषेध केला. रशियानं साप्ताहिकाची वर्गणी तोडली, 1972 मध्ये ते बंद पडलं. 1982 मध्ये आरागाँ गेले.

कादंबरी वाचायची तर ‘ओरेलियाँ’पासून सुरुवात करा.