‘जोर’ लिहिलं तर चुकलं कुठं?

प्रश्न असा आला आहे : ‘लेक नववीत आहे, मराठी माध्यमात. “थांबलेली वस्तू हलवायला जोर लावावा लागतो” असं तिनं पेपरात लिहिलं. बाईंनी “जोर”भोवती लाल गोल केला, वर “बल” लिहिलं आणि अर्धा गुण कापला. जोर, बळ, ताकद, शक्ती हे सगळं एकच नव्हे काय?’

परीक्षेपुरतं बाईंचं बरोबर आहे. पण तुमच्या लेकीचा कान तयार आहे, कारण तिनं ‘जोर’ला ‘लावणे’ हे क्रियापद जोडलंय आणि सगळी गोम त्या क्रियापदात आहे.

माझं लहानपण कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर गेलं. तिथं हे शब्द एकमेकांच्या जागी कधी ऐकू यायचे नाहीत. वस्ताद म्हणायचे, ‘पोरात ताकद हाय, पर जोर लावत न्हाई.’ ताकद असते, जोर लावावा लागतो. पैलवान घोरत पडला असला तरी ताकद त्याच्याजवळच असते. जोर लावायला मात्र समोर कुणीतरी लागतं : जोडीदार, भिंत, नाहीतर पायाखालची जमीन. पुस्तकातलं बल नेमकं असंच आहे. ते एका वस्तूनं दुसरीवर लावायचं असतं, कुणाच्या अंगात भरून ठेवलेलं नसतं.

आता ‘बळ’ घ्या. अंगात बळ येतं, बळ एकवटतं, दहा हत्तींचं बळ असतं, आजारपणात बळ जातं. म्हणजे हा शब्द ताकदीच्या घरातला. तो ‘बल’ होऊन पुस्तकात गेला तरी जुना अर्थ बरोबर घेऊन जातो. मग आमच्या शाहू स्टेडियमवर, म्हणजे फुटबॉलच्या मैदानावर, बॉल घरंगळत थांबला की पोरगं म्हणतं, बॉलमधलं बल संपलं. ते संपलं नाही, कारण ते बॉलमध्ये नव्हतंच. बूट बॉलपासून सुटला त्या क्षणी किकचं बल आटोपलं. पुढं बॉल गेला तो जडत्वानं, म्हणजे आहे तसंच चालत राहण्याच्या वस्तूच्या स्वभावानं, आणि थांबला तो गवताच्या घर्षणानं. ही चूक नववीत जवळजवळ प्रत्येकजण करतो. मीही केली होती.

असा घोळ फक्त मराठीत होतो असं समजू नका. न्यूटननं १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त ‘व्हिस’ हा एकच लॅटिन शब्द दोन्हीकडे वापरला आहे : वस्तूच्या अंगच्या जडत्वाला ‘व्हिस इन्सिटा’, बाहेरून लावलेल्या बलाला ‘व्हिस इम्प्रेसा’. या दुसऱ्याच्या व्याख्येत मात्र तो बजावून सांगतो की हे बल क्रिया चालू असेपर्यंतच असतं, नंतर वस्तूत उरत नाही. वस्तादांचं ‘लावणं’ ते हेच. त्याच काळात जर्मन गणिती लायब्निझ ‘व्हिस व्हिवा’ म्हणत होता ते वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे आजच्या गतिज ऊर्जेची दुप्पट. शब्द तोच, वस्तू तिसरीच.

मग शास्त्रानं सरळ ‘जोर’ का उचलला नाही? फारसीतून आला म्हणून सोवळं पाळलं, असं कुणी म्हणेल, आणि त्यात थोडं तथ्य असेलही. पण माझ्या मते खरी अडचण ‘जोरात’ या शब्दाची आहे. पाऊस जोरात, स्पीकर जोरात, धंदा जोरात, गाडी जोरात. हायवेवर सरळ रेषेत ताशी ८० किलोमीटरनं एकसारखी धावणारी गाडी आपल्या बोलीत ‘जोरात’ असते, पण तिच्यावरच्या बलांची गोळाबेरीज शून्य असते! शिवाय पावसाचा जोर ओसरतो, तापाचा जोर वाढतो. इथं जोरही वस्तूच्या अंगात जाऊन बसला. आणि आमच्याकडं आणखी एक भानगड. ‘सकाळी दोनशे जोर मारले’ हे वाक्य ज्याच्या कानावर रोज पडतं, तो ‘१० न्यूटन जोर’ वाचून मोजायलाच बसेल.

त्यामानानं ‘बल’ मोकळा होता. बोलण्यात आपण ‘बळ’ म्हणतो, पुस्तकात ‘बल’. कमळ आणि कमल यांच्यासारखीच ही सोय. मराठी विश्वकोशानं तर बलाला ‘प्रेरणा’ म्हटलंय, आणि त्वरणाला, म्हणजे वेग बदलण्याच्या दराला, ‘प्रवेग’. प्रवेग मला आजही आवडतो. पण ‘केंद्रोत्सारी प्रेरणा’ वाचून व्याख्यानमाला आठवते, त्याला इलाज नाही.

राहिली ‘शक्ती’. बोलताना ती ताकदीची बहीण, पुस्तकात तिला वेगळंच काम दिलंय : कार्य किती झटपट झालं ते सांगायचं. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात खडाखडीला, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या झोंबाझोंबीला, दोन मल्ल भिडलेत आणि कुणीच हलत नाही, असं डोळ्यांपुढं आणा. दोघांत ताकद आहे, दोघं जोर लावतायत, आणि दोघांचा एकमेकांवरचा जोर सारखाच आहे, कारण न्यूटनचा तिसरा नियम (क्रियेला तितकीच उलटी प्रतिक्रिया) पैलवानांनाही सोडत नाही. पण विस्थापन, म्हणजे जागेवरून सरकणं, नाही म्हणून त्या जोरानं झालेलं कार्य शून्य, आणि म्हणून शक्तीही शून्य. गॅलरीतल्या कुणाला हे सांगायला जाऊ नका. आणि शेवटी सरकतो कोण? तर ज्याच्या पायाला लाल मातीचं घर्षण कमी पडतं तो.

तर लेकीला सांगा, उत्तरात ‘बल लावावे लागते’ असं लिही आणि ‘लावावे’ सोडू नकोस. शक्ती विचारली तर एकक वॅट, बल विचारलं तर न्यूटन. एक एचपी (हॉर्सपॉवर) म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा विहिरीवरची पाच एचपीची मोटर म्हणजे ५ × ७४६, म्हणजे ३,७३० वॅट शक्ती. शेतकरी तिच्याबद्दल ‘पाणी जोरात मारती’ म्हणतो, तेव्हा तो बल आणि शक्ती दोन्ही सोडून पाण्याच्या धारेबद्दल बोलत असतो.